डबल्सच्या बॅचमध्ये गेलेल्या भाचीला

पुणे, रविवार

चि. सोनू,


ताईचा फोन आला होता. सरांनी तुला सिंगल्समधून डबल्सच्या बॅचला घातलं आणि तेव्हापासून तू घरात कुणाशी धड बोलत नाहीस, असं म्हणाली. ‘ज्यांना सिंगल्स जमत नाही त्यांना डबल्सला ढकलतात’ हे तुझं वाक्यही तिने मला ऐकवलं. दुधाची तहान ताकावर, असं तुला वाटतंय.

तसं वाटण्यात तुझा दोष नाही. मोठ्यांनीच तसं वागून दाखवलंय. २०१३ मध्ये इंडियन बॅडमिंटन लीग सुरू झाली, तेव्हा महिला दुहेरीचा सामनाच कार्यक्रमातून काढून टाकला. सामना नाही म्हटल्यावर ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांची लिलावातली मूळ किंमत निम्म्यावर आणली. आणि या कोण? ज्वाला आपल्या वर्ध्यात जन्मलेली, अश्विनी बंगळूरची. दोघींनी २०११ मध्ये लंडनला जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेतलं होतं. १९८३ मध्ये प्रकाश पदुकोणला मिळालं, त्यानंतर भारताच्या वाट्याला आलेलं ते पहिलं पदक. मधली अठ्ठावीस वर्षं कोरडी. ती दोन दुहेरीवालींनी संपवली आणि त्याचं बक्षीस हे! अश्विनी त्या वर्षी पुण्याच्या संघातून खेळली. मला अजूनही त्या लिलावाची चीड येते.

पुरुष दुहेरीतल्या सात्विक-चिरागबद्दल मी तुला काही सांगायला नको, ते तुला पाठ आहेत. म्हणून अश्विनीबद्दल लिहिते. तिच्याकडे बघितलं की दुहेरीतलं आयुष्य कसं असतं ते नीट कळतं, गोड आणि कडू दोन्ही.

सुरुवातीला ती जोडीतली धाकटी. ज्वाला तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, डावखुरी, नेटजवळ हुशार. अश्विनी मागे उभी राहून स्मॅश मारणारी, आणि तिचा स्मॅश म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोघींनी सुवर्ण जिंकलं. त्याच दिवशी सिंगल्समध्ये सायनानेही जिंकलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मोठे फोटो कुणाचे आले असतील ते तू ओळखशील. दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिक. जपानशी हरल्या, पण तैवानच्या आणि सिंगापूरच्या जोड्यांना हरवलं. तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले, गुणांची वजाबाकी सुरू झाली आणि उपांत्यपूर्व फेरी एका गुणाने गेली. त्याच ऑलिंपिकमध्ये मुद्दाम हरल्याबद्दल चार जोड्या बाद झाल्या होत्या. तैवान-जपान सामन्याबद्दल भारतानेही तक्रार केली, ती फेटाळली गेली.

सोनू, दुहेरीत तुझं नाव जगाच्या क्रमवारीत एकटं येत नाही. जागा जोडीची असते. जोडीदार दमली, दुखावली, लग्न करून थांबली किंवा नुसती कंटाळली, तरी तुझ्या पायाखालची पायरी जाते आणि नव्या मुलीबरोबर पुन्हा खालून चढायचं. तुझ्या खांद्याला काही झालेलं नसतं, तुझा स्मॅश तसाच असतो. सिंगल्सवालीच्या वाट्याला हे येत नाही. अश्विनीने हे पुन्हा पुन्हा केलं. लंडननंतर ज्वाला काही काळ थांबली, तेव्हा ती प्रज्ञा गद्रेबरोबर खेळली. मग परत ज्वाला. २०१४ मध्ये ग्लासगोला राष्ट्रकुल रौप्य, २०१६ मध्ये रिओ, आणि तिथे तिन्ही सामने हरल्या. त्यानंतर सिक्की रेड्डी. टोकियो ऑलिंपिक हुकलं. एवढ्यात कुणीही म्हटलं असतं, पुरे आता.

मग तिने तनिषा क्रास्टोला बरोबर घेतलं. तनिषाचं घराणं गोव्याचं, जन्म दुबईचा, साल २००३. अश्विनी दिल्लीत सुवर्ण घेत होती तेव्हा ही सात वर्षांची होती! धाकटी म्हणून सुरुवात केलेली बाई आता जोडीतली थोरली. २०२३ मध्ये दोघींनी अबुधाबी आणि गुवाहाटीच्या स्पर्धा जिंकल्या. पॅरिस ऑलिंपिकची एकच जागा होती आणि त्यासाठी त्रीसा-गायत्री ही आपलीच दुसरी जोडीही धावत होती. ती यांनी मिळवली. पॅरिसला पुन्हा तिन्ही सामने हरल्या, आणि चौतिसाव्या वर्षी अश्विनीने डोळे पुसत सांगितलं की हे आपलं शेवटचं ऑलिंपिक. ऑलिंपिकचं पदक तिला नाही मिळालं. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, कारण तू शोधून काढशीलच.

तरी मला तिची कारकीर्द पदकांच्या यादीपेक्षा मोठी वाटते. जोडीदार बदलली की सगळं नव्याने बसवावं लागतं: कुणी पुढे जायचं, मधोमध आलेलं शटल कुणाचं, चूक झाल्यावर एकमेकींकडे बघायचं की नाही. दुहेरीत कोर्ट दोन्ही बाजूंनी मिळून तीन फूट रुंद होतं आणि सर्व्हिसची चौकट मात्र मागून आखूड होते. म्हणजे सर्व्हिस उंच उडवून सुटका नाही; नेटला घासून टाकायची आणि पुढच्याच क्षणी तयार राहायचं. महिला दुहेरीत तर नुसत्या स्मॅशने गुण मिळत नाही. जपानी, कोरियन मुली तो परत करतात, पुन्हा परत करतात. तुझ्या स्मॅशचं कौतुक मी नेहमी करते, पण तो चौथ्यांदा परत आला की तू चिडतेस, हे सरांनाही दिसलं असणार. सर तुला काढून टाकत नाहीयेत, असं मला वाटतं. वाटतं म्हणतेय; सरांना विचारून बघ.

आणि ताईच्या फोनमध्ये एक गोष्ट आलीच नाही. तुझ्याबरोबर जी मुलगी लावलीय ती कोण? सगळ्या तक्रारीत तिचं नाव नाही. डावखुरी आहे का? नेटला पुढे येते की मागे रेंगाळते? चूक तुझी झाली तर काय करते? ते लिही, मग बोलू. बूट फाटलेत असं ऐकलं, त्याचे पैसे भावजींच्या खात्यावर टाकलेत.

तुझी,
मावशी