सिकलच्या नोंदी

17 नोव्हेंबर 2023, गडचिरोली
काल ब्रिटनने सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या ‘कॅसजेव्ही’ला मान्यता दिली. क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्रावर आधारलेल्या औषधाला जगात मिळालेली ही पहिली मंजुरी. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, आणि प्राणवायू सोडल्यावर लाल पेशी विळ्यासारखी वाकते. गंमत म्हणजे कॅसजेव्ही ते चुकलेलं अक्षर सुधारतच नाही. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन जन्मानंतर दाबून ठेवायचं काम बीसीएल11ए हे जनुक करतं. रक्तपेशींमध्ये त्याचा जोर कमी केला की ते गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं, आणि पेशी वाकायची थांबते. किती सुंदर युक्ती!

9 डिसेंबर 2023
काल अमेरिकेतही मंजुरी. किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटींच्या वर.

आज भामरागडकडची एक बाई मुलीला घेऊन आली होती. मुलीचे गुडघे ठणकत होते, डोळे पिवळे. सिकलच्या सोल्युबिलिटी चाचणीच्या नळीत रक्ताचा थेंब टाकला, मागे रेघांचा कागद धरला. द्रावण गढूळ, रेघा दिसेनात. इलेक्ट्रोफोरेसिसला नमुना लावला, रिपोर्ट एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजारच. आई म्हणाली, “मॅडम, हिचं रक्त बदलून देता येत नाही का?”

येतं. पण त्यासाठी रक्तातून मूळ पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत पाठवायच्या, तिथे त्यांच्यात बदल करायचा, मग बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन मुलीची अस्थिमज्जा रिकामी करायची आणि त्या पेशी परत चढवायच्या. नवी मज्जा रुजेपर्यंत कित्येक आठवडे दवाखान्यात, संसर्गापासून जपून. पुढे मूल न होण्याचीही भीती. पर्लकोटा नदीला पूर आला की जिथला रस्ताच बंद होतो, तिथल्या आईला हे काय सांगायचं? किंमत उद्या शून्यावर आली तरी हा उपचार तिच्या दारापासून लांबच.

मुलीला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड दिलं. भरपूर पाणी पाज, ताप आला तर थांबू नकोस, लगेच घेऊन ये, असं आईला दोनदा सांगितलं.

16 मे 2025
फिलाडेल्फियाच्या केजे या बाळाची बातमी वाचून झोप उडाली. सीपीएस1 नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता, रक्तात अमोनिया साचतो. त्या एका बाळाच्या जनुकातल्या एका चुकीसाठी सहा महिन्यांत जनुक दुरुस्त करणारं औषध घडवलं, आणि ते शिरेतून दिलं! स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरून. रक्तात या कणांना अपोई हे प्रथिन चिकटतं, आणि यकृताच्या पेशी त्यांना आत ओढून घेतात. विषाणू वाहक म्हणून वापरलेला नसल्याने पुन्हा डोस देता आला.

यकृताचं दार असं उघडं आहे, मज्जेचं नाही. तिथल्या मूळ पेशी मोजक्या, आणि हे कण आधी यकृतच गिळतं. सिकलचं खरं संशोधन मला आता इथेच दिसतं. दुरुस्तीचं हत्यार हातात आहे, ते मज्जेपर्यंत सुईने पोचवायचं आहे.

20 नोव्हेंबर 2025
काल दिल्लीत ‘बिरसा 101’ जाहीर झालं. आयजीआयबी या संशोधन संस्थेने घडवलेली, देशातली पहिली क्रिस्पर उपचारपद्धती, सिकलसाठीच; पुढचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर. बिरसा मुंडांच्या दीडशेव्या जयंतीचं हे वर्ष. मनापासून आनंद झाला.

आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, त्यामुळे परदेशातले निष्कर्ष इथे जसेच्या तसे धरता येणार नाहीत. चाचण्यांमध्ये गडचिरोली-नंदुरबारचे रुग्ण हवेतच. आणि काय करणार, त्यात धोका काय, हे त्यांना सहीआधी त्यांच्या माडिया, पावरी बोलीत समजावून सांगायला हवं.