भिगवणला जाताय? विहिरीतही डोकवा!

पुणे-सोलापूर हायवे, रविवारची पहाट. प्लॅन नेहमीचाच. भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या पाण्यात बोटीतून फ्लेमिंगो बघायचे, झणझणीत मच्छी हाणायची आणि बारामतीमार्गे घरी. पण या वेळी फ्लेमिंगोंपेक्षा भाव खाऊन गेली ती इंदापूर तालुक्यातली एक विहीर!

साधीच, शेतातली. वाकून पाहिलं तर काळ्या दगडाचे थर आणि मध्येच एक विटकरी पट्टा. “खणताना आधी काळा लागला, मग हा तांबडा, मग परत काळा,” विहिरीचे मालक काका म्हणाले.

हा काळा दगड म्हणजे चक्क थंड झालेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तो थरावर थर पसरत गेला. आणि तांबडा पट्टा? दोन उद्रेकांमधली शांतता. तेवढ्यात लाव्ह्याची माती झाली आणि तिच्यावर पुन्हा लाव्हा आला.

मग आता परत? टेन्शन नको. आपला भूखंड केव्हाच उत्तरेला सरकलाय. ती भट्टी आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असल्याचं मानलं जातं. तिथला ज्वालामुखी अजूनही पेटतो. १९७७ मध्ये लाव्हा गावात शिरला, तेव्हा १९७९ मध्ये तिथे वेधशाळा उभारली गेली. कारण ज्वालामुखी बहुतेकदा आधी खुणा देतो. लहान लहान भूकंपांची मालिका, फुगणारी जमीन, वाढणारा सल्फर डायऑक्साइड.

प्रश्न ऐकण्याचा आहे. फिलिपिन्सचा पिनातुबो सुमारे ५०० वर्षं गप्प होता. एप्रिल १९९१ मध्ये वाफेचे स्फोट झाले, शास्त्रज्ञांनी यंत्रं लावली, गावं रिकामी केली. १५ जूनला डोंगर फुटला, पण हजारो जीव वाचले. कोलंबियाच्या नेवादो देल रुईझनेही वर्षभर खुणा दिल्या होत्या. धोक्याचा नकाशासुद्धा तयार होता. तरी १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री आर्मेरो शहर घरातच थांबलं. वितळलेल्या बर्फाच्या चिखलाखाली २० हजारांहून जास्त माणसं गेली.

तेव्हा पुढच्या वेळी फ्लेमिंगोंचे फोटो काढाच. पण एखाद्या काकांना विचारून विहिरीतही डोकवा. तो तांबडा पट्टा दिसला, की वर पाहा. त्याच्यावरही काळा दगड आहेच!