जुना कॅमेरा तिपाईवर बसविताना



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखाद्या पेटीत वडिलांचा किंवा सासऱ्यांचा जुना कॅमेरा अजून पडून असेल. पुढे एकावर एक अशी दोन भिंगे, वरचे झाकण उघडले की दुधी काच, आणि मान खाली घालून तीत पाहावयाचे, असा तो कॅमेरा. आमच्याकडेही तसा एक आहे. तो जपानी बनावटीचा असून आमच्या सासऱ्यांनी अलिबागेकडील कितीतरी लग्नांत तो गळ्यात अडकवून मिरविला होता. हा कॅमेरा तिपाईवर नीट कसा बसवावा, एवढ्याच विषयावर चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यातल्या एका चुकीपायी आम्ही जे गमावले ते परत मिळण्यासारखे नाही.

आम्ही दोघे २००१ साली आयर्लंडला आलो. डब्लिनच्या एका रुग्णालयात परिचारिकेची नोकरी आणि राहणे लिक्सलिपला, असे दिवस गेले. लिक्सलिप हे किल्डेअर परगण्यातले गाव. लिफी नदीला राय नावाची छोटी नदी इथे येऊन मिळते. गावाच्या नावाचा अर्थ ‘सामन माशाची उडी’. ते नाव जुन्या नॉर्स दर्यावर्दी लोकांनी ठेवलेले. ज्या धबधब्यावरून मासे उड्या मारीत तो १९४९ सालच्या वीज प्रकल्पाच्या धरणाखाली गेला. नाव मात्र राहिले.

यजमानांचा उजवा हात गेली काही वर्षे थरथरतो. औषध चालू आहे, पण कप भरून चहा हातात देता येत नाही. फोटो काढण्याचा त्यांना बापाकडून आलेला छंद. तो हातामुळे सुटू नये म्हणून मुलाने ठाण्याहून हा कॅमेरा आणून दिला आणि आम्ही एक ट्रायपॉड विकत घेतला. या कॅमेऱ्याची १२० नंबरची फिल्म अजून मिळते. एका रोलवर चौकोनी बारा फोटो निघतात.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या ताई, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भगिनी, अश्दोदहून आमच्याकडे पंधरा दिवस राहावयास आल्या. एका सकाळी त्यांना ‘वंडरफुल बार्न’ दाखविण्यास नेले. हे १७४३ साली बांधलेले धान्याचे कोठार. १७४० व १७४१ च्या दुष्काळानंतर गरिबांच्या हाताला काम मिळावे म्हणून कासलटाउनच्या कॉनोली घराण्याने ते बांधविले. ताटात मलिदा रचावा तसे ते वर निमुळते होत गेले आहे, आणि चौऱ्याण्णव पायऱ्यांचा जिना बाहेरून वेटोळे घेत माथ्यापर्यंत जातो. ताई पाहून हसल्या व म्हणाल्या, “आज मोबाइल नको. पप्पांच्या कॅमेऱ्यात काढा.” मग लहानपणी पप्पा बसवीत तशा त्या ताठ बसल्या. आधी कोठाराचे नऊ फोटो झाले होते. शेवटचे तीन ताईंचे.

बारावा फोटो झाला आणि घरी निघण्याच्या घाईत आम्ही कॅमेरा ट्रायपॉडवरून काढू लागलो. स्क्रू बसविताना कॅमेरा हलू नये म्हणून तो फार आवळला होता. आता तो सुटेना. तेव्हा ट्रायपॉड घट्ट धरला आणि वरचा कॅमेराच पिळला. खट् असा आवाज झाला आणि मागचे दार उघडले. ऊन लख्ख पडले होते. दार लगेच दाबून बंद केले, पण जे व्हावयाचे ते झाले.

हे दोघांपैकी कोणाच्या हातून झाले, ते आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखविले नाही. आम्हा दोघांकडून झाले असेच आम्ही म्हणतो.

कारण नंतर समजले. आमच्या कॅमेऱ्यात स्क्रूचे भोक आणि मागच्या दाराची कडी एकाच जागी, बुडाच्या मध्यभागी आहेत. भोकाभोवती जी गोल चकती असते तीच दाराची कडी. ट्रायपॉडचे रबरी तोंड तिला घट्ट चिकटलेले असताना कॅमेरा पिळला की चकतीही फिरू शकते. या जातीच्या अनेक कॅमेऱ्यांत कडी अशीच बुडाला असते. तेव्हा पेटीतला कॅमेरा काढाल तेव्हा प्रथम तो रिकामा असताना उलटा करून बूड नीट पाहा.

रुग्णालयात नव्या मुलींना आम्ही सांगत असू, की बँडेज बांधून झाले म्हणजे काम झाले असे नाही. रोग्याच्या बोटाचे नख दाबून पाहावे. पांढरे पडून पुन्हा गुलाबी झाले तर बँडेज ठीक. न झाले तर तुम्ही ते घट्ट नव्हे, जाच होईल असे बांधले. स्क्रूचेही तेच आहे. धरून राहील इतकाच आवळावा. चिमटीने फिरवून थांबला की तिथेच सोडावा. पकड किंवा नाणे लावून आणखी पिळू नये. जुन्या कॅमेऱ्याचे बूड पातळ पत्र्याचे असते. जास्त आवळल्याने किंवा स्क्रू भोकापेक्षा लांब असल्याने बूड वर दाबले जाते आणि दार नीट मिटत नाही.

स्क्रूच्या मापाचीही गोष्ट आहे. हल्ली सर्वत्र पाव इंची स्क्रू चालतो. युरोपातल्या पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांना मात्र तीन अष्टमांश इंचाचे मोठे भोक असते. त्यासाठी आतबाहेर आटे असलेली छोटी पितळी कडी मिळते, ती आत बसवावी. पाव इंची स्क्रू मोठ्या भोकात कापूस किंवा कागद कोंबून बसवू नये. आणि आटे पहिल्या फेऱ्यालाच अडले तर जोर न करता उलट फिरवून पुन्हा सरळ लावावा. तिरपा गेलेला स्क्रू आटे कायमचे खातो.

आता आम्ही असे करतो. फिल्म घरात भरावयाची, दार लावावयाचे, आणि टेबलावर बसूनच ट्रायपॉडची सुटी पट्टी कॅमेऱ्याच्या बुडाला लावावयाची. बाहेर गेल्यावर पट्टी ट्रायपॉडवर नुसती सरकवून खटका लावला की झाले. काढतानाही पट्टीसकट काढावयाचे. रोल संपला की मागचा कागद पूर्ण गुंडाळला जाईपर्यंत किल्ली फिरवावयाची, आणि त्यानंतरच पट्टी सोडवावयाची. सोडविताना कॅमेरा स्थिर धरून खालचा स्क्रू फिरवावा, कॅमेरा कधीही नाही. खटका लागल्याची खात्री होईपर्यंत गळ्यातला पट्टा गळ्यातच असू द्यावा. कॅमेऱ्याचे वजन सुमारे एक किलो असते; पायावर पडला तर पायही गेला आणि कॅमेराही.

ट्रायपॉडचा एक पाय भिंगाच्या दिशेने पुढे ठेवावा. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला व एक वरच्या अंगाला. मान घालून वरून पाहावयाचे असल्याने उंची छातीपर्यंतच पुरते. मधला दांडा वर काढू नये, त्याने सगळे डुलू लागते. वारा असेल तर मध्ये पिशवी टांगावी. काचेत डावे उजवीकडे दिसते, म्हणून सरळ करावयास जाल तर प्रथम उलटेच फिरवाल, सावकाश करावे. वरचे भिंग पाहण्याचे आणि खालचे फोटोचे, म्हणून अगदी जवळचा चेहरा घेताना डोक्यावर थोडी जास्त जागा सोडावी, नाहीतर केस कापले जातात. फोटो केबलने काढावा आणि केबल सैल, वाकलेली ठेवावी. म्हणजे हाताचा कंप कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. जुन्या कॅमेऱ्यातला सेल्फ-टायमर अडकून बसण्याचा संभव असतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.

या जातीच्या कॅमेऱ्यांना नाव मिळवून दिले ते रोलायफ्लेक्सने. तो १९२९ साली जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे फ्रांके व हायडेके यांच्या कारखान्यातून निघाला. त्याच्यासाठी रोलायफिक्स नावाची एक बैठक मिळे. ती कॅमेऱ्याला पुढून व मागून धरते आणि सगळा भार एका स्क्रूवर येऊ देत नाही. म्हणजे ही काळजी काही आमच्यासारख्या वृद्धांचीच नव्हे. ती मोठ्या कारागिरांनाही होती. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, त्यांच्या हातीही रोलायफ्लेक्स असे.

असो. तो रोल आम्ही धुण्यास पाठविला. गुंडाळीत आतल्या बाजूला असलेले कोठाराचे फोटो कडांना थोडे पांढरे होऊन वाचले. बाहेरच्या बाजूला शेवटचे तीन होते. ताईंचे दोन फोटो पूर्ण पांढरे झाले. तिसऱ्यात त्यांचा मांडीवरचा हात, गळ्यातले लॉकेट आणि अर्धा चेहरा दिसतो. बाकी सर्व उजेड.

२०२३ च्या मार्चमध्ये ताई अश्दोदला वारल्या. त्यांच्या मुलांनी त्या सकाळचे फोटो मागितले. आम्ही झाले ते खरे लिहिले आणि तो अर्धा फोटो पाठविला. भाच्याने तोच मोठा करून घरात लावला आहे.

या वर्षी आम्ही पुन्हा कोठारापाशी गेलो. पट्टी घरीच लावली होती. केबल यजमानांच्या हातात दिली. हात थरथरत होता, केबलही थरथरत होती, कॅमेरा मात्र जागचा हलला नाही. फोटोत पायऱ्यांच्या कडा मोजता येतात.

तेव्हा आपल्याकडचा कॅमेरा जरूर बाहेर काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याच्यासमोर बसवा. काढताना घाई करू नका. काढून झाल्यावर तर मुळीच नाही.