धुराची चव

जर्मनीतल्या एर्लांगेनहून बांबेर्ग रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथली जुनी वस्ती १९९३ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, पण मी गेले ते श्लेंकेर्ला या बिअरघरात राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर प्यायला. या घराची पहिली नोंद १४०५ सालची. बसायला लांब लाकडी टेबलं. जागा असेल तिथे अनोळखी माणसांशेजारी टेकायचं.

लाकडी पिंपाच्या तोटीतून थेट भरलेला अर्ध्या लिटरचा ग्लास समोर आला. काकवीसारखा काळा रंग, उजेडाकडे धरला की कडेला तांबूस. वर सायीसारखा फेस. पहिला घोट घेतला आणि हात थांबला. आजोळी चुलीवरचं दूध कधी धुरकटायचं, तो वास! आम्ही मुलं ते दूध प्यायला तयार नसायचो. इथे त्याच वासासाठी लोक लांबून येतात.

शेजारचे आजोबा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "घाई करू नका. ही बिअर दुसऱ्या ग्लासात कळते." खरंच तसं झालं. दुसऱ्या ग्लासाला धूर मागे सरला आणि भाजलेल्या धान्याचा गोडवा पुढे आला, शेवटी घशाशी हॉप्सचा स्वच्छ कडूपणा.

हा धूर वरून घातलेला नाही. बार्ली भिजवून तिला मोड आणतात, आपण नाचणी सत्त्वासाठी आणतो तसेच. फरक पुढे आहे. मोडाचं धान्य बीचच्या लाकडांच्या जाळावर वाळवतात आणि धूर दाण्यात मुरतो. पूर्वी जाळावर वाळवलेल्या धान्याच्या बिअरला असा वास कमीजास्त लागायचाच. पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या आणि धूर गेला. बांबेर्गमध्ये श्लेंकेर्ला आणि स्पेझियाल या दोन बिअरघरांनी मात्र जुनी रीत सोडली नाही. मला या चिकाटीचं फार मोल वाटतं. आपल्याकडे चुलीबरोबर किती चवी गेल्या, त्याची कुणी नोंदही ठेवली नाही.

श्लेंकेर्लाची एक फिकी बिअरही आहे. तिच्यात धुरावलेलं धान्य नसतं, तरी त्याच भांड्यांतला आणि त्याच यीस्टचा हलका धूर तिला लागतोच. तिथे गेलात तर सुरुवात तिच्यापासून करू नका. काळीच मागवा, आणि पहिला ग्लास अर्धा टाकून उठू नका.