तापीकाठचा शाही किल्ला आणि आहूखाना

जळगावहून रेल्वेने निघालो की भुसावळ, सावदा, रावेर मागे पडते आणि केळीच्या बागा पाहता पाहता बुऱ्हाणपूर येते. हे शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी जुन्या खानदेशची ती राजधानी. त्यामुळे आम्हा जळगाव-धुळेकरांना ते परके वाटत नाही.

या राज्याची सुरुवात मात्र धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला झाली. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला तिथली जहागीर दिली. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि तापीच्या दोन्ही काठांवर गावे वसवली. शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर आणि शेख जैनुद्दीन यांच्या नावाने पलीकडे जैनाबाद. शहर सुफींच्या नावाने, मग सुलतानांचा महाल. फारुकी सुलतानांच्या कबरी आजही थाळनेरला आहेत.

फारुकींनी नदीकाठी उभारलेला शाही किल्ला १६०१ मध्ये अकबराने खानदेश जिंकल्यावर मोगलांच्या हाती आला. शहाजहानने त्यात भर घातली. आता पुष्कळ भाग ढासळला आहे. तरी हमामात शिरून मान वर केली की छतावरची रंगीत वेलबुट्टी अजून दिसते.

नदीपलीकडे जैनाबादला आहूखाना. आहू म्हणजे फारसीत हरीण. इथे शाही शिकारीसाठी हरणे राखलेली असत. बाग होती, बारादरी होती, पाण्याचा हौद होता. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल बुऱ्हाणपूरला वारल्या, तेव्हा त्यांना याच जैनाबादच्या बागेत दफन केले. सुमारे सहा महिन्यांनी, डिसेंबरात, त्यांचा देह आग्र्याला नेण्यात आला. ताजमहालाची कहाणी खरी तर आपल्या तापीकाठी सुरू होते.

पण त्याच वर्षांत गुजरात, दख्खन आणि खानदेश भीषण दुष्काळात होरपळत होते. बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम दिला, साराही काही प्रमाणात माफ केला. तरीही माणसे असंख्य मेली. त्यांच्या कबरींवर ना घुमट, ना नाव. महालाच्या गच्चीवर उभे राहून तापी पाहताना आम्हाला हे विसरता आले नाही.

शहराजवळ आणखी एक वास्तू आहे, तिला घुमट-मिनार काहीच नाही. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या भुयारात गोळा होते आणि केवळ उताराने शहराकडे वाहते. न मोट, न रहाट. हवा खेळावी आणि सफाई करता यावी म्हणून वर विहिरींसारख्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत. आहूखान्याची हरणे गेली, बाग सुकली, महालाच्या भिंती कोसळल्या. भुयारातले पाणी चारशे वर्षांनंतरही वाहते आहे.

वाचकहो, सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा. मावा जिलेबी खाऊ घाला, महाल दाखवा, आहूखान्यात मरहूमांसाठी दुआ करा. आणि कुंडी भंडारा चुकवू नका. पाणी पाजण्याचे सवाब किती काळ चालू राहते, हे मुलांना तिथे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.