ऑल्डविचभोवतीचे निळे वर्तुळ

शिरपामाळ, जव्हार
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. वैदेही हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. दूरध्वनीवर क्षणात विचारता आला असता असा प्रश्न तू तीन पानी पत्र लिहून विचारलास, तेव्हा त्याचे उत्तरही तितक्याच स्वस्थपणे देणे मला प्राप्त आहे. लंडनला निघताना तुला दिलेल्या जुन्या ॲटलासात लंडनच्या भुयारी रेल्वेचा एक घड्यांवर विरलेला नकाशा तुला सापडला, त्यात एका स्थानकाभोवती निळ्या शाईचे वर्तुळ दिसले, आणि ते ऑल्डविच नावाचे स्थानक आजच्या नकाशात शोधूनही मिळेना. तेव्हा हे स्थानक गेले कोठे आणि आजोबांनी त्याला वर्तुळ का घातले, एवढीच तुझी पृच्छा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता येईल. दुसऱ्याचे देताना मात्र मला माझ्या एका फजितीची कैफियत सादर करावी लागेल.

1993 सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्या आत्याआजीकडे वेम्ब्लीला तीन आठवडे राहिलो होतो. ती पहिल्या दिवशी मला बरोबर घेऊन हिंडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा नकाशा व एक दिवसाचे ट्रॅव्हलकार्ड हातावर ठेवून आपल्या कामावर निघून गेली. ते कार्ड मला फार आवडले. पूर्वी आपल्या मुलखातून माल नेणाऱ्याला नाक्यानाक्यावर जकात द्यावी लागे, परंतु हाती सरकारी दस्तक असले की त्याची वाट कोणी अडवीत नसे. तसेच हे कार्ड, ज्या परगण्यांपुरते घेतले असेल त्या परगण्यांत आगगाडी आणि बस यांपैकी काहीही, कितीही वेळा वापरण्याची मुभा देई. लंडनवाल्यांनी आपल्या शहराची वाटणी एकाबाहेर एक अशा वलयांत केली आहे, त्यातले सर्वांत आतले ते पहिले, आणि वलये जितकी ओलांडावी तितके भाडे चढते, हा हिशेब एकदा उमजला की त्या अफाट शहराची अर्धी भीती ओसरते.

उरलेली अर्धी भीती नकाशाने घालवावी, अशी माझी अपेक्षा होती. परंतु भूगोलाच्या मास्तराची त्या नकाशापुढे प्रथम मोठीच पंचाईत झाली. नकाशा हाती घेतला की आधी त्याचे प्रमाण पाहावे, मग उत्तर दिशा पाहावी, आणि मगच बोट ठेवावे, असे वर्षानुवर्षे वर्गात बजावीत आलेल्या मला या नकाशात प्रमाण म्हणून काही आढळेना. रेघा आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशांत तिरप्या. थेम्ससारखी नागमोडी नदीसुद्धा फूटपट्टीने आखल्यासारखी. आणि स्थानके मण्यांसारखी जवळजवळ समान अंतरावर ओवलेली. हे काम हॅरी बेक या आरेखकाचे. भुयारात शिरलेल्या प्रवाशाला वर कोणता रस्ता आहे याच्याशी कर्तव्य नसते, त्याला हवे असते ते एवढेच की गाडी कोठून कोठे जाते आणि ती कोठे बदलावयाची, हे त्याने ओळखले. मग मध्यभागाची दाटी पसरून आणि दूरची उपनगरे जवळ ओढून त्याने 1931 साली हा आराखडा केला. अधिकाऱ्यांनी तो प्रथम नाकारला, पुढे 1933 साली भीतभीत छापला, आणि प्रवाशांनी मात्र तो तत्काळ आपलासा केला.

त्या नकाशाचा गुण आणि दोष एकच आहे. तो संबंध सांगतो, अंतर सांगत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांतले अंतर अवघे अडीचशे-पावणेतीनशे मीटर आहे, परंतु नकाशावर ते इतर कोणत्याही दोन स्थानकांइतकेच दिसत असल्यामुळे नवखा पाहुणा तेवढ्यासाठी जमिनीखाली उतरतो, वाट पाहतो, आणि पायी गेला असता तर लागला असता त्याहून अधिक वेळ घालवून पुन्हा वर येतो. मीही तसाच वर आलो. त्या दिवसापासून आत्याआजीच्या घरातला रस्त्यांचा साधा नकाशाही मी खिशात ठेवू लागलो, आणि तूही पहिल्या वलयात हिंडताना तसेच काही जवळ ठेवावेस.

मला लंडनमध्ये तीन ठिकाणे पाहावयाची होती. एक, हायगेटचे इंडिया हाऊस, जे श्यामजी कृष्णवर्म्यांनी 1905 साली उघडले आणि जेथे पुढल्याच वर्षी सावरकर येऊन राहिले. दुसरे, किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, जेथे 1921-22 साली बाबासाहेब आंबेडकर राहत होते. आणि तिसरी, बाबासाहेब ज्या संस्थेत शिकले ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. नकाशा पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा पहिली दोन्ही ठिकाणे एकाच काळ्या रेघेवर, नॉर्दर्न लाईनवर, निघाली. परंतु ही रेघ कॅम्डेन टाऊनला दुभंगते. इंडिया हाऊसकडे जावयाचे तर हाय बार्नेटच्या फाट्याने आर्चवेला उतरावे. किंग हेन्रीज रोडकडे जावयाचे तर एजवेअरच्या फाट्याने चॉक फार्मला. हे दोन्ही फाटे 22 जून 1907 या एकाच दिवशी सुरू झाले, आणि आजच्या आर्चवेचे नाव तेव्हा हायगेट होते, म्हणजे सावरकर तेथे असतानाच ही गाडी त्यांच्या वस्तीच्या पायथ्याशी येऊन पोहोचली होती. महाराष्ट्राच्या विचारातले दोन भिन्न प्रवाह कॅम्डेन टाऊनच्या फलाटावर असे दोन बाजूंना जाताना पाहून मी क्षणभर तेथेच थबकलो. तू मात्र थबकू नकोस, गाडीच्या तोंडावरची पाटी वाच. त्या स्थानकात निम्मे पाहुणे चुकीच्या फाट्याला लागतात. हायगेटच्या घरावर सावरकरांच्या नावाची निळी तबकडी आहे. बाबासाहेबांचे घर मी तेव्हा रस्त्यावरूनच पाहिले. पुढे 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतल्यामुळे तुला ते आतून पाहता येईल.

आता फजिती. तिसऱ्या ठिकाणाच्या अगदी लगतचे स्थानक म्हणून नकाशाने ऑल्डविच दाखवले. हॉबर्नहून निघणारा आणि एकाच स्थानकाशी संपणारा तो पिकॅडिली लाईनचा चिमुकला फाटा होता. मी वेम्ब्ली पार्कहून बाँड स्ट्रीट, तेथून हॉबर्न असा बिनचूक पोहोचलो, फाट्याच्या फलाटाची दिशा धरून गेलो, आणि दुपारी दोनच्या सुमारास गाडीची वाट पाहत उभा राहिलो. पाऊण तास झाला तरी गाडी येईना. विलायतेतली व्यवस्था चुकणे शक्य नाही, चुकत असेन तर मीच, अशी समजूत घालीत मी उभाच होतो; अखेर झाडलोट करणाऱ्या एका वयस्क गृहस्थाने विचारपूस केली आणि नकाशातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. हा फाटा फक्त कामकाजाच्या दिवशी, तोही सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळांपुरताच चालत असे. ते गृहस्थ हसले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. त्यांनी मला जिन्याची वाट दाखवली, वर किंग्जवे नावाचा सरळ रस्ता होता, आणि दहाएक मिनिटांत मी पायीच ऑल्डविचला पोहोचलो.

खरी शरम मला त्या पाऊण तासाची वाटली नाही, तर मी कोठून आलो होतो याची आठवण झाल्यावर वाटली. वैदेही, तू जव्हारच्या स्टँडवर वाढलेली मुलगी. आपल्या पाड्यांवर गाडी सकाळी एक आणि सांजेला एक. सांजेची ती मुक्कामी, रात्री पाड्यावर थांबते आणि पहाटे शाळेची पोरे, दूध, भाजीच्या पाट्या घेऊन खाली येते. मधल्या वेळी रस्त्यावर उभे राहून गाडीची अपेक्षा करणाऱ्याला आपल्याकडचे शेंबडे पोरदेखील शहाणे म्हणणार नाही. जेथे माणसे थोडी तेथे फेऱ्या थोड्या, आणि जेव्हा माणसे तेव्हाच फेरी, हा शिरस्ता मला जन्मापासून ठाऊक होता. पण विलायत म्हटले की तेथे सर्व काही अष्टौप्रहर चालत असणार, ही भाबडी कल्पना मी डोक्यात घेऊन गेलो होतो. ऑल्डविचची गाडी ही लंडनची मुक्कामी गाडी होती, एवढे माझ्या ध्यानात आले नाही. रात्री वेम्ब्लीला परतल्यावर मी त्या स्थानकाभोवती निळे वर्तुळ काढले. जेथे पोहोचलो त्याची ती खूण नव्हे. जेथे गाडीने पोहोचलो नाही, त्याची आहे.

आणि तो फाटा गेला कोठे, तर जेथे तोट्याच्या फेऱ्या जातात तेथेच. 1907 साली स्ट्रँड या नावाने ते स्थानक उघडले, 1915 साली त्याचे ऑल्डविच झाले, आणि दुसऱ्याच वर्षी बाबासाहेब शेजारच्या संस्थेत दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याची गाडी बंद ठेवून तेथे बाँबपासून लोकांना आसरा दिला, आणि ब्रिटिश म्युझियममधली मोलाची शिल्पेही त्या बोगद्यात सुरक्षित ठेवली होती. शांततेच्या काळाने मात्र त्याला तारले नाही. उतारू कमी, आणि उद्वाहने इतकी जुनी की ती नवी बसवण्याचा खर्च त्या उतारूंकडून कधी वसूल होणार नाही, असा हिशेब निघाला आणि 30 सप्टेंबर 1994 रोजी, माझ्या फजितीनंतर दीड वर्षाच्या आत, ते कायमचे बंद झाले. आपल्या एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, त्याच साली जव्हार संस्थान विलीन झाले, आणि पुढे आपल्या डोंगरातही एस.टी. चढली, तेव्हापासून आजवर 'उत्पन्न नाही' या एका शेऱ्याने किती फेऱ्या बंद पडल्या हे मी पाहिले आहे. तोच शेरा लंडनच्या दफ्तरातही मारला जातो, हे कळल्यावर त्या शहराविषयीचे माझे दडपण गेले, आणि थोडी आपुलकी वाटू लागली.

तुला आता ट्रॅव्हलकार्डाचीही फारशी गरज नाही. भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकव. बाहेर पडताना विसरलीस तर सर्वांत मोठे भाडे कापतात. बसमध्ये फक्त चढताना टेकवावयाचे, रोख पैसे तेथे 2014 पासून घेतच नाहीत, आणि एकदा भाडे दिल्यावर तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पडत नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभी राहा, डावी बाजू घाईच्या माणसांची. पैशाची ओढ असेल त्या महिन्यात बसच्या वरच्या मजल्यावर पुढे बसून प्रवास कर. वेळ अधिक लागेल, पण बेकच्या नकाशाने जे अंतर लपवले आहे ते तुला तेथून दिसेल. महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूत जावयाचे तर करड्या रंगाच्या ज्युबिली लाईनने डॉलिस हिलला उतर. 1932 पासूनचे हे मंडळ आहे. गणपतीला तरी जाऊन ये.

हे पत्र मी शिरपामाळावर बसून लिहितो आहे. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज या माळावर उतरले, राजा विक्रमशहांची आणि त्यांची भेट झाली, शिरपेचाचा सन्मान झाला आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, ही परंपरा तुला पाठ आहे. पुढे आठच वर्षांनी, 1672 साली, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले, हे मात्र सहलीला येणाऱ्यांना कोणी सांगत नाही. स्नेह गेला, शिरपेच गेला, राज्येही गेली. नाव तेवढे माळाला चिकटून राहिले. ऑल्डविचचेही तसेच आहे. गाडी गेली, परंतु रक्तवर्णी फरशांचे ते दर्शनी तोंड रस्त्यावर अजून उभे आहे, आणि त्यावर नाव आहे तेही ऑल्डविच नव्हे, मूळचे स्ट्रँड.

तेव्हा एखाद्या रविवारी हॉबर्नला उतर, किंग्जवेने पायी खाली जा, ते तोंड पाहून ये, आणि येताना स्थानकातून या सालचा छापील नकाशा उचलून मला पाठव. 2022 साली उघडलेली जांभळी एलिझाबेथ लाईन मी अजून कागदावर पाहिलेली नाही. भिंग आणून ठेवले आहे. या खेपेस बारीक अक्षरे आधी वाचीन.

प्रकृतीस जप. थंडीत कान झाकीत जा.

तुझे
आजोबा