ओला कांदाही जड लागतो

मुलांनो, कलिंगड घेताना आई त्यावर टिचकी का मारते, सांगा बरं? आवाजावरून आतला अंदाज येतो म्हणून! पण ज्या वस्तूच्या पोटात तारा, बटणं आणि चक्रं भरलेली आहेत, ती पक्की की कच्ची, हे कसं ओळखायचं? हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी कॉम्प्युटरला कधी हातही लावला नव्हता. ते माझे वडील, अण्णा. पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ते तोलणार होते. कांदा-बटाट्याची पोती काट्यावर तोलण्यात त्यांचा जन्म गेला.

मी लग्नाचे फोटो काढतो, व्हिडिओ करतो. चित्रण झालं की खरं काम असतं ते संकलनाचं. प्रभातचा स्टुडिओ १९३३ साली पुण्यात आला, त्या काळी फिल्म खरोखर कापून चिकटवावी लागे. आज तेच काम कॉम्प्युटरवर होतं. त्याला जोडायला बटणांचा आणि चक्रांचा एक पाट मिळतो. तो कन्सोल. एक चक्र फिरवलं की चित्र उजळतं, दुसरं फिरवलं की व्हिडिओ पुढे-मागे सरकतो. व्हिडिओच्या एका सेकंदात बहुधा २५ चित्रं असतात, बरं का! अक्षता पडतानाचं नेमकं चित्र धरायचं, तर चक्राने एकेकच चित्र सरकवायला हवं.

माझा पहिला कन्सोल मी रूपावर भाळून घेतला. काळाभोर, चकचकीत, दिवे लुकलुकणारा! पैसे अण्णांच्या भिशीचे. सात महिन्यांत त्याचं मोठं चक्र लडबडायला लागलं. एक चित्र पुढे न्यावं, तर चार उड्या मारायचं. ऐन लग्नसराईत काम अडलं. एका घरच्यांना आपल्या मुलीचं लग्न बघायला महिनाभर थांबावं लागलं. अण्णांनी विचारलं की मी मात्र म्हणायचो, "छान चाललंय."

शेवटी एक दिवस खरं सांगून टाकलं. वाटलं, आता बोलणी बसणार. अण्णा एवढंच म्हणाले, "घेताना हातात धरून बघितला होतास का?"

मी गप्प.

ओळखीचे दोन छायाचित्रकार आपले जुने कन्सोल विकणार होते. दुपारी बाजार निवल्यावर मी दोघांना यार्डातच बोलावलं. अण्णांनी आधी दोन्ही कन्सोल काट्यावर ठेवले. एक जवळजवळ दोन किलोचा, दुसरा जेमतेम एक किलोचा. "हा जडच घेऊ या," मी लगेच म्हणालो.

अण्णा हसले. "वजनाला भुलू नकोस. ओला कांदाही जड लागतो. चार दिवसांनी तोच सडतो."

मग त्यांनी जड कन्सोल कानाशी नेऊन हलवला. दोन कोपरे धरून हलकेच पिळला. कुरकुर ऐकू आली. एकच बटण वीसदा दाबलं. प्रत्येक चक्र धरून आडवं हलवलं. वायर जोडायची खाच बोटाने चाचपली, तर ती हलत होती. मालकाला विचारून तळाचे स्क्रू काढले, तर आत लोखंडाची जाड पट्टी!

आता, अशी पट्टी म्हणजे लबाडीच, असं नाही हं. कन्सोल टेबलावर सरकू नये म्हणूनही ती घालतात. पण तिच्यामुळे चक्र मजबूत होत नाही. त्या कन्सोलची चक्रं नुसत्या सर्किटच्या पातळ पट्टीवर डाख देऊन बसवली होती. बोटाचा सगळा जोर त्या इवल्याशा डाखांवर!

हलक्या कन्सोलला अॅल्युमिनियमचा पत्रा होता. प्रत्येक चक्र नटाने त्या पत्र्यालाच आवळलेलं होतं, म्हणजे जोर पत्रा झेलणार. पिळलं तरी कुरकुर नाही. लॅपटॉपला जोडून बघितलं, तर एका खटक्याला एकच चित्र सरकलं. रंग मात्र पार उडालेला.

अण्णांनी शेवटचा प्रश्न विचारला, "बिघडला तर उघडता येतो का? आतलं चक्र बाजारात मिळतं का?" दोन्हीला उत्तर 'हो' होतं. तो रंग उडालेला कन्सोल आम्ही घेतला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मध्ये एक चक्र खराब झालं, तेव्हा चार स्क्रू काढून नवं बसवलं.

मित्रांनो, नवं दप्तर घ्याल तेव्हा ते उलटं करून आतली शिवण बघा. कंपासपेटी घ्याल तेव्हा झाकण दहादा उघडून लावा. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू दे!

आणि एवढं करूनही फसलात, तर घरी लगेच सांगा. मी आधीच सांगितलं असतं, तर त्या मुलीचं लग्न तिच्या घरच्यांना महिनाभर आधी बघायला मिळालं असतं.